जुनी फटफटी आणि तिची कैफियत

घरातील जुनी वस्तू विकणे आपल्या मध्यमवर्गीय समाजात फारसे भूषणावह समजले जात नाही. सोने मोडले की शेजारी अडचणीचा तर्क करतात, आणि वाडा विकला की नातलग पूर्वजांची नावे काढतात. त्यामुळे अशा विक्रीचा इतिहास लिहिण्याच्या भानगडीत आपले इतिहासकार सहसा पडत नाहीत. राज्ये कोणी मिळविली व कोणी घालविली, हे त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु एका घरची वस्तू दुसऱ्या घरी कशी जाते, तिचे मोल कशावरून ठरते आणि देणारा घेणाऱ्याशी कोणत्या शब्दाने बांधला जातो, यांतही समाजाची ओळख काही कमी पटत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका वस्तूचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ती वस्तू म्हणजे लांबच्या प्रवासाची जुनी मोटारसायकल. आपल्या वडील मंडळींनी तिच्या आवाजावरून जिला फटफटी हे नाव दिले ती. अशी गाडी नीट दुरुस्त करून, भरवशाने चालेल अशी करून कोणी विक्रीस काढली, तर तो गृहस्थ नेमके काय विकत असतो, हा आमचा प्रश्न आहे. आणि त्याचा विचार करण्यास पनवेलइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

पनवेल हे मूळचे वाटेवरचे गाव. आगगाडी होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी खाडीतून तारवाने पनवेलच्या बंदरात उतरे आणि तेथून जमिनीच्या वाटेने बोरघाटाकडे वळे. १८०४ साली जनरल वेलस्लीने खंडाळ्यापासून पनवेलपर्यंत लष्करी उपयोगाचा रस्ता करविला. १८२५ साली बिशप हेबर याच वाटेने पुण्यास गेला. आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकाच्या गाड्यांस चढता येईल असा घाटरस्ता खुला केला. त्या दिवसापासून कोकण आणि देश यांच्या दरम्यान माणसाच्या खांद्यावरचे व बैलाच्या पाठीवरचे ओझे चाकावर आले. १८५२ साली पनवेलास नगरपालिका मिळाली, ती याच रहदारीच्या भरभराटीत. पुढे १८६३ साली आगगाडीने बोरघाट ओलांडला. परंतु तिचा मार्ग कल्याण-कर्जतवरून गेला आणि पनवेल बाजूस राहिले. तरी गाव मोडले नाही, कारण रस्ता त्याच्यापाशीच राहिला होता.

या रस्त्याने पनवेलास एक धंदाही दिला होता. बैलगाड्या आणि त्यांची चाके करण्याबद्दल पनवेलची ख्याती होती व जुन्या गॅझेटियरात तिची नोंद आहे. आमच्या मते ही नोंद क्षुल्लक नव्हे. सपाटीवर कोणतेही चाक चालते. तुंबा कच्चा आहे की पक्का, आरा घट्ट बसला आहे की नुसता ठोकला आहे, लोखंडी धाव तापवून चढविली आहे की कशीबशी अडकविली आहे, हे रंगवलेल्या चाकाकडे पाहून गिऱ्हाइकास कळत नाही. ते कळते घाटात. घाटाच्या पायथ्याच्या गावी चाके करणाऱ्या सुतार-लोहारांस असा परीक्षक दाराशीच मिळाला होता. वाईट चाक विकले तर ते खंडाळ्यापर्यंत पोहोचत नसे, आणि त्याची वार्ता मात्र परतीच्या गाडीबरोबर पनवेलास येत असे. मालाच्या गुणाची ग्वाही विक्रेत्याच्या जिभेवर न राहता वाटेवर राहिली, म्हणजे धंद्यास कसे वळण लागते, त्याचे हे उदाहरण होय.

वाहनाची खरेदी-विक्री ही आपल्याकडे त्याहूनही जुनी विद्या आहे. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदार आपला घोडा आपण आणी. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजी बुडे. म्हणून घोडा घेताना तो दात पाही, खूर पाही, अंगावरचे भोवरे मोजी, आणि शेवटी स्वतः स्वार होऊन दोन कोस दौड करी. फौजेच्या दफ्तरांत स्वारांबरोबर घोड्यांचेही चेहरे लिहिले जात, ते दाखविलेला घोडा एक आणि आणलेला दुसरा असा प्रकार होऊ नये म्हणून. म्हणजे लेखी वर्णन आणि प्रत्यक्ष दौड या दोन्हींवाचून घोड्याचा व्यवहार पुरा होत नसे. फटफटीच्या काळात या दोहोंपैकी काय टिकले व काय सुटले, ते आता पाहू.

मोटारसायकलीचा जन्म १८८५ सालचा. त्या वर्षी जर्मनीत गॉटलीप डाइम्लर याने लाकडी सांगाड्यावर तेलाचे इंजिन बसविले. मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसू लागली ती १८९८ च्या सुमारास. १९०४ साली मुंबई इलाख्याने मोटारींसाठी कायदा केला, आणि १९१४ साली सर्व हिंदुस्थानास लागू असा कायदा झाला. १९१९ साली मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारवाल्यांची संस्था निघाली, यावरून मोटारीने दूरचा प्रवास करणारा वर्ग तोपर्यंत तयार झाला होता असे दिसते. तथापि त्या काळची दुचाकी मोटार सर्वसामान्य माणसाची नव्हती. ती विलायतेहून येई, तिचा प्रत्येक सुटा भाग विलायतेहून येई, आणि ती बिघडली तर साहेबाचा धीर सुटे.

ही स्थिती पालटण्यास दुसरे महायुद्ध पुष्कळ अंशी कारण झाले. ब्रिटिश सैन्यासाठी बी.एस.ए. कंपनीने एम-२० जातीच्या सुमारे सव्वा लाख फटफट्या केल्या. नॉर्टन कंपनीच्या १६-एच जातीची संख्याही लाखाच्या घरात गेली. मॅचलेस आणि रॉयल एन्फील्ड यांच्या निराळ्याच. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानातील लष्करी कोठारांत पडलेला माल लिलावाने विकला गेला, आणि 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या भाषेत कायमचा येऊन बसला. या लिलावांतून आलेल्या गाड्यांबरोबर कोणतेही हमीपत्र नव्हते. कोणती गाडी वाळवंटात झिजली आहे आणि कोणती पेटीतून बाहेरच निघालेली नाही, हे घेणाऱ्याने आपल्या बुद्धीने ताडावयाचे. दफ्तरातील चेहरा नाहीसा झाला. उरली ती फक्त दौड.

स्वातंत्र्यानंतर परकी चलनाची चणचण पडली व परदेशी गाड्यांच्या आयातीस बांध बसला. भारतीय सेनेने सरहद्दीवरील गस्तीसाठी ३५० सी.सी.ची बुलेट पसंत केली होती. त्या मागणीच्या आधारावर १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडातील रॉयल एन्फील्ड यांनी मिळून एन्फील्ड इंडिया ही कंपनी काढली. प्रथम तेथे विलायती भाग जोडले जात. १९६२ पर्यंत सर्व भाग येथेच होऊ लागले. इकडे मुंबईच्या इराणी मंडळींनी झेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीशी करार करून १९६० साली म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना स्थापला. त्याची २५० सी.सी.ची गाडी १९६१ पासून निघू लागली आणि १९७३ पासून तिला येझ्दी हे नाव मिळाले. इराणातील यझ्द या गावावरून ते घेतलेले आहे. पुढे १९७८ साली आलेली रोडकिंग तर नावापासूनच लांबच्या प्रवासाची. गंमत अशी की, बुलेटची मूळ इंग्रज कंपनी १९७० च्या सुमारास मावळली आणि तिची मद्रासेतील लेक मात्र नांदत राहिली.

या काळात नवे वाहन मिळणे ही तपश्चर्या होती. १९६० साली सरकारने स्कूटरांचे वाटप व विक्री आपल्या नियंत्रणाखाली घेतली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि नंबर लागलेल्या माणसाकडून तीच गाडी वर पैसे देऊन घेणारे लोक दारात उभे असत. अशा वेळी जुन्या गाडीस टाकाऊ कोण म्हणणार? ती चालविणे भागच होते. बी.एस.ए.चा सुटा भाग विलायतेहून येणे बंद झाले, तेव्हा पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईच्या कुर्ल्यात त्याची नक्कल लेथवर तयार झाली. एका गाडीचा पिस्टन दुसरीत बसविण्यात आला. तुटलेला दाता भरून घासण्यात आला. बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकास गोळ्यांचे बेअरिंग नसून तेलात तरंगणारा पोकळ बुश असे. तेल वेळेवर न बदलल्यास तो खाल्ला जातो, हे पाहून आपल्या मिस्त्रींनी तेथे सुयांचे बेअरिंग बसविण्याची युक्ती रूढ केली. या लोकांची विद्या पुस्तकात नव्हती. बोटांत आणि कानांत होती.

दुरुस्तीच्या या विद्येस आपण सुशिक्षितांनी योग्य तो मान दिला नाही, असे आम्हांस वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावास सायकलींचे दुकान काढले, आणि त्या दुकानातून पुढे कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर व किर्लोस्करवाडी एवढा विस्तार झाला. दुसऱ्याने केलेली वस्तू खोलून जोडणे ही नवी वस्तू करण्याची पहिली पायरी होय, हे त्यावरून उघड दिसते. टंचाईच्या काळातील मिस्त्रीस कारखानदार होण्याची संधी सहसा मिळाली नाही; परंतु जुन्या फटफट्या आज आपणांस दिसतात, त्या श्रीमंतांच्या शौकामुळे जेवढ्या टिकल्या, त्याहून कितीतरी अधिक या माणसांच्या काळ्या हातांमुळे टिकल्या.

१९८५ साली हीरो होंडाची १०० सी.सी.ची गाडी आली आणि सारा हिशेब उलटला. थोड्या पेट्रोलात पुष्कळ जाणारी, लाथ मारताच सुरू होणारी व मिस्त्रीचे तोंड क्वचित पाहावयास लावणारी गाडी मिळू लागल्यावर, जड व तेल गाळणाऱ्या फटफटीकडे कोण पाहणार? बघता बघता कितीतरी गाड्या लोखंडाच्या वजनाने भंगारात गेल्या. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्यानंतर मात्र कालचक्र पुन्हा फिरले. भंगारात गेलेली वस्तू दुर्मिळ झाली, दुर्मिळ झाली म्हणून हौसेची झाली, आणि हौसेची झाली म्हणून महाग झाली. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझ्दी ही नावे नव्या गाड्यांवर पुन्हा झळकली, त्यामुळे जुन्यांचा तोरा अधिकच वाढला. पडवीत झाकून ठेवलेल्या वडिलांच्या गाडीवरचे पोते मुलगा काढतो व तिच्या किमतीची चौकशी करतो, तो या अवस्थेचा परिणाम होय.

अशा गाडीची विक्री दोन तऱ्हांनी होते. एक, जशी आहे तशी. तीत फसगत थोडी, कारण दोष डोळ्यांसमोर असतात. दुसरी, दुरुस्त करून. आणि खरी अडचण येथे आहे. दुरुस्तीस आपल्या भाषेत जीर्णोद्धार हा सुंदर शब्द आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, तेव्हा दगड नवा होता, परंतु पूजा पुन्हा सुरू झाली म्हणून त्या कामास अर्थ आला. जीर्णोद्धारानंतर देवळात दिवा लागावा लागतो. नुसता शिखरास चुना दिल्याने तो होत नाही. फटफटीचेही तसेच आहे. टाकीस सोनेरी रेघा मारणे, चाकाच्या कड्यांस क्रोमचा मुलामा देणे, बैठकीस नवे कातडे चढविणे ही शिखराची कामे झाली. ती डोळ्यांस दिसतात, म्हणून त्यांस पैसा मिळतो. आतली कामे दिसत नाहीत, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो.

हा मोह किती घातक आहे हे एका उदाहरणाने सांगतो. जावा-येझ्दीचे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे त्यास निराळी तेलाची टाकी नाही. तेल पेट्रोलातच मिसळावयाचे. इंजिनाच्या पोटातील दंडास दोन्ही अंगांनी रबरी सील असतात. ते जुने होऊन कडक झाले, तर आत फाजील हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापते. गावातल्या गावात दोन फेऱ्या मारल्यास हे कळणार नाही. चढणीवर मात्र पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो, आणि मागचे चाक एकदम थांबते. उतरणीची तऱ्हा आणखी वेगळी. थ्रॉटल मिटून उतरू लागले की पेट्रोल थांबते, व पेट्रोलाबरोबर तेलही थांबते. शिवाय टू-स्ट्रोक इंजिन उतारावर गाडीस फारसे अडवून धरीत नाही, म्हणून सारा भार ड्रमच्या ब्रेकांवर येतो, ते तापतात आणि पकड सोडू लागतात. हे ज्यास ठाऊक आहे असा मनुष्य वरचेवर थ्रॉटल किंचित उघडून इंजिनास तेल देतो व मध्ये थांबून ब्रेक निवू देतो. ज्यास ठाऊक नाही, त्यास ते सांगणे विक्रेत्याचे काम आहे. रंगाबद्दल दहा वाक्ये आणि सीलांबद्दल एकही नाही, अशी विक्री म्हणजे आमच्या मते केवळ व्यवहारातील चतुराई नव्हे. तीत दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे.

'गाडी भरवशाची आहे' हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारावे. भरवसा ही पाहून कळणारी गोष्ट नसून वारंवार अनुभवाने ठरणारी आहे. थंड इंजिन सुरू होणे ही पहिली कसोटी. तापलेले इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू होणे ही दुसरी, आणि पुष्कळ गाड्या पहिलीत उतरून दुसरीत नापास होतात. चढ चढून गेल्यावर आवाज तोच राहणे ही तिसरी. आणि घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर तेलाचा डाग किती मोठा पडला, ही चौथी. समुद्रसपाटीलगतच्या पनवेलपासून सुमारे १,८०० फूट उंचीच्या खंडाळ्यापर्यंत जाऊन परत येणे, ही या चारही कसोट्यांची एकत्र परीक्षा होय. बैलगाडीच्या चाकाची जी परीक्षा होती, तीच फटफटीसही लागू पडते. घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. ज्या धनगराने इंग्रजांस घाटाची वाट दाखविली असे लोक सांगतात, त्याचे ते स्थान; जाता-येता गाडीवाले तेथे नाणे वाहतात. या श्रद्धेत यंत्राच्या भरवशाविषयीची शंकाही थोडी मिसळलेली असावी, असे आम्हांस नेहमी वाटते.

परंतु या परीक्षेची वाट आज कोणती राहिली आहे, तेही पाहण्यासारखे आहे. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, तोपर्यंत मुंबईची मोटार ठाणे-मुंब्र्यावरून वळसा घेऊन पनवेलास येई. २००२ साली कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग पुरा झाला, आणि त्यावर दुचाकीस मनाई आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे येणारा २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला; त्यावरही मनाई आहे. पनवेलच्या आसमंतातील सर्वांत मोठे दोन रस्ते फटफटीस मिटलेले आहेत. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती मनाई योग्यच म्हणावी लागेल. ताशी शंभराच्या वेगाने धावणाऱ्या मोटारींत साठाच्या वेगाची गाडी घालणे शहाणपणाचे नाही. तिच्यासाठी उरला तो खोपोलीवरून जाणारा जुना घाटरस्ता, आणि पळस्प्यापाशी फुटून कर्नाळ्याच्या अंगाने दक्षिणेस जाणारा गोव्याचा रस्ता. जुन्या गाडीस जुनी वाट, हा योग कोणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही. तथापि माल्कमच्या वाटेवरून चालण्याचा मान आज मोठ्या मोटारींपेक्षा फटफटीसच अधिक मिळतो, ही गोष्ट इतिहासप्रेमी माणसास सुखावणारी आहे.

कायद्यानेही या विषयात अलीकडे लक्ष घातले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने ऐतिहासिक म्हणून नोंदता येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आहे, आणि क्रमांकात 'व्ही.ए.' ही अक्षरे येतात. असे वाहन प्रदर्शनास, मेळाव्यास किंवा दुरुस्तीस नेता येते. रोजच्या वा धंद्याच्या कामास वापरता येत नाही. ते विकता येते, मात्र ९० दिवसांच्या आत परिवहन खात्यास कळवावे लागते. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. परंतु त्यातून एक विचारणीय प्रश्न निघतो. मूळ रूप म्हणजे काय? बुशाच्या जागी सुयांचे बेअरिंग घालणाऱ्या मिस्त्रीने गाडीचे मूळपण घालविले की राखले? आमचे मत असे की, ज्या बदलावाचून गाडी चालली नसती, तो तिच्या इतिहासाचाच भाग झाला आहे. टंचाईच्या चाळीस वर्षांची खूण पुसून तिला कारखान्यातून काल निघाल्यासारखी करणे हे इतिहासाचे रक्षण नव्हे. मात्र जो बदल झाला आहे तो लपवू नये, एवढी अट त्यास हवी.

न लपविण्याची ही अट केवळ नीतीची आहे असेही नाही. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचे सोळावे कलम सामान्यतः घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावे असे सांगते. परंतु घेणाऱ्याने आपला विशिष्ट उपयोग कळविला असून तो त्या मालाचा धंदा करणाऱ्या विक्रेत्याच्या कसबावर विसंबून असेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येते. शिवाय नाव बदलण्याचा प्रश्न आहे. आपल्याकडे जुनी गाडी विकताना कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून द्याव्या व पैसे मोजून घ्यावे, अशी फार वाईट चाल पडली आहे. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गाडी अनेक हातांतून गेली असली तरी सरकारी नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येईल. म्हणजे वडिलांची गाडी विकून निश्चिंत झालेला मुलगा, २९ व ३० क्रमांकांचे नमुने परिवहन कचेरीत पोहोचले की नाही हे न पाहिल्यास, परक्याच्या अपघातात सापडू शकतो.

काळाबरोबर गाडीचे अन्नही बदलले आहे, आणि तेही घेणाऱ्यास सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांच्या व्हाल्व्हच्या बैठकींस शिशाचा लेप उपयोगी पडत असे; तो गेला. २०२५ साली पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने जाहीर केले. इथेनॉल ओलावा धरते व जुन्या जातीच्या रबरास आणि टाकीतील लेपास बाधते. म्हणून पेट्रोलच्या नळ्या व कार्बोरेटरमधील रबरे नव्या जातीची घातली आहेत काय, हा प्रश्न आज रंगाच्या प्रश्नाआधी विचारावयास हवा. १९६१ साली चांगली असलेली गाडी आज त्याच स्थितीत ठेवली तर चांगली राहीलच, असे नाही.

या सर्वांवरून आम्ही ज्या निष्कर्षास आलो तो असा. पेशवाईत गावाचा किंवा घराण्याचा पूर्ववृत्तांत लिहून देत, त्यास कैफियत म्हणत. आणि आमच्या दिवाणी कोर्टांत प्रतिवादीच्या लेखी म्हणण्यासही तेच नाव आहे. एकीत इतिहास आहे, दुसरीत जबाबदारी आहे. जुन्या फटफटीबरोबर अशीच एक कैफियत दिली जावी. गाडी प्रथम कोणत्या साली नोंदली गेली. तिने किती हात पाहिले. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक नोंदवहीशी जुळतो काय. सिलिंडर किती वेळा कातला व आता कितव्या मापाचा पिस्टन आहे. कोणता भाग मूळचा, कोणता नकलेचा आणि कोणता दुसऱ्या गाडीचा. काम कोणत्या मिस्त्रीने केले. दुरुस्तीनंतर गाडी किती मैल चालली, घाट किती वेळा चढली, आणि वाटेत काय बिघडले. हे सारे साध्या भाषेत दोन कागदांवर लिहिता येते. यांपैकी शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. जो म्हणतो की काहीच बिघडले नाही, त्याने गाडी चालविलीच नाही असे समजावे.

अशी कैफियत दिल्याने किंमत कमी येईल, अशी भीती कोणी घालतील. एखाद्या वेळी येईलही. परंतु जी गाडी केवळ दिवाणखान्यात ठेवावयाची नाही, जिच्यावर बसून माणसास आपल्या बायकोमुलांकडे परत यावयाचे आहे, तिच्या बाबतीत दोष माहीत असणे हाच मोठा गुण आहे. माहीत असलेला दोष वाटेत सांभाळता येतो; झाकलेला दोष घाटात उघडा पडतो. आणि आणखी एक लाभ या कागदाने होईल. टंचाईच्या काळात तयार झालेली मिस्त्रींची पिढी आता थकत चालली आहे. त्यांची पोरे संगणक लावून नव्या गाड्यांचे दोष शोधतात, ते योग्यच आहे. पण पॉइंटांमधील फट नुसत्या नजरेने मापणारी विद्या त्यांच्याबरोबर जाणार. प्रत्येक विकल्या जाणाऱ्या गाडीबरोबर तिच्या मिस्त्रीचे नाव आणि त्याने काय केले हे लिहिले गेले, तर ज्या कारागिरीचा इतिहास आपण कधी लिहिला नाही, त्याची साधने आपोआप जमा होतील. पनवेलच्या चाकांची ख्याती गॅझेटियरात राहिली, परंतु चाके करणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. फटफटीच्या बाबतीत ती चूक टाळणे अजून आपल्या हातांत आहे.